गणवेश आमचा, माप कुणाचं?



भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध कारखाना आहे. तिथली स्फोटकं सैन्याला जातात. २४ जानेवारी २०२५ला तिथे स्फोट होऊन निदान आठ कामगार दगावले. सैन्याची किंमत आपला जिल्हा अशी मोजतो. आता इथल्या पोरीही पहाटे भरतीसाठी धावतात. ‘वर्दी मिळाली की घर सावरेल,’ एवढंच त्यांचं म्हणणं. त्या वर्दीबद्दल थोडं बोलायचं आहे.

काहीजणी विचारतील, युद्धाला आपला विरोध, मग सैन्याच्या कपड्यांची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. विरोध आपण सोडलेला नाही. पण पोरगी तिथे जाते ती गावात काम नाही म्हणून. कारखान्यातल्या बाईच्या शरीराचा प्रश्न आपला, मग बराकीतल्या बाईचा परका कसा?

१५ जानेवारी २०२२ला सैन्याने नवा लढाऊ गणवेश दाखवला. आरेखन राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं. कापड हलकं, शर्ट पँटीबाहेर सोडायचा. आरेखनाच्या हक्कांची नोंदणीही झाली. स्त्रियांचाही विचार केला, असं सांगितलं गेलं. वैद्यकीय सेवांबाहेर अधिकारी म्हणून १९९२पासून आणि सैन्य पोलीस दलात शिपाई म्हणून २०२१पासून बायका सैन्यात आहेत. मग विचार म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला नको का?

सोय कवायतीच्या मैदानावर कळत नाही. पाठीवर ओझं, अंगावर चिलखती जाकीट, आणि बारा तासांची गस्त. पुरुष उभ्याने मोकळा होतो. बाईला पट्टा सोडून पँट खाली करावी लागते, तीही आडोसा शोधून. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवीची जळजळ अंगावर काढते. पाळीत घडी कुठे ठेवायची, कुठे बदलायची? पुरुषाच्या मापाचं जाकीट छातीवर दाबतं, कमरेशी उघडं राहतं. अमेरिकेसारख्या श्रीमंत सैन्यातही बायकांच्या बांध्याचं जाकीट २०१३च्या सुमारास मिळू लागलं. पुरुषाचा कपडा आखूड केला की बाईचा होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या अशा:

१. कोणताही नवा गणवेश बायकांनी निदान तीन महिने, पाळीच्या दिवसांसह, प्रत्यक्ष कामावर वापरून पाहावा. त्यांची मतं लेखी नोंदवावीत आणि जाहीर करावीत.

२. कपड्यासोबत गस्तीच्या ठिकाणी आडोसा आणि पाण्याची सोय असावी.

३. हाच नियम पोलीस, वनरक्षक आणि कारखान्यातल्या बायकांनाही लागू व्हावा.

गावागावांतल्या गटांनी भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना बैठकीला बोलवावं. बोलायची सुरुवात त्यांनी करावी, आपण ऐकावं.