मिरवणुकीत नाचणाऱ्याचे कान कोणत्या नियमात बसतात?

विसर्जन मिरवणुकीत तीन-चार तास नाचून घरी आलात, अंथरुणावर पडलात आणि कानात बारीक शिट्टी वाजत राहिली, असं तुमच्यासोबत कधी झालंय? कानाला दडे बसतात, आई स्वयंपाकघरातून काय म्हणतेय ते नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं आणि आपण विसरून जातो. गेल्या वर्षी माझंही असंच झालं. बातमीसाठी गेले होते असं म्हणायची सोय आहे, पण खरं सांगायचं तर नाचायलाच गेले होते.

गणपती जवळ आले की आवाजाचा वाद ठरलेला असतो. कोर्ट, पोलीस, डेसिबल, गुन्हे, मग सोशल मीडियावर दोन गट. या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणीच बोलत नाही. तो म्हणजे स्पीकरच्या भिंतीसमोर स्वतःच्या मर्जीने उभा असलेला माणूस.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. इथे ‘हद्दीवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आवाज मोजायचा तो कडेला, म्हणजे ज्याला तो नको आहे त्याच्या बाजूने. घरातले आजारी आजोबा, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, तान्हं बाळ यांच्यासाठी हा नियम आहे आणि तो हवाच. पण स्पीकरपासून चार फुटांवर नाचणाऱ्याच्या कानासाठी त्यात वेगळी मर्यादा नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा कागदावर तरी आहे.

आता हे आकडे जरा समजून घेऊ, कारण डेसिबलचं गणित फसवं असतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा १० पट होते. म्हणजे ५५ आणि १०० मधला फरक दुप्पट नाही, ऊर्जेत तो ३० हजार पटींच्या वर जातो. कानाला इजा होते ती आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींच्या हिशेबाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. १०० असेल तर आठवड्याचा कोटा जेमतेम २० मिनिटांत संपतो.

पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत विसर्जनाचा आवाज मोजतात. हे आकडे ९०च्या वर असणं नेहमीचंच आहे, १००ही ओलांडले गेलेत. आणि ती मिरवणूक चालते चोवीस तासांहून जास्त.

इथे एक गोष्ट अनेकांना आवडणार नाही. ‘डीजे नको, पारंपरिक वाद्यं हवीत’ ही मागणी संस्कृतीच्या बाजूने बरोबर असेलही, कानाच्या बाजूने तिचा फारसा उपयोग नाही. ताशाचा कडकडाट आणि डीजेचा बेस यात कान भेदभाव करत नाही. उलट पथकातली पोरं मिरवणुकीच्या आधी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी सराव करतात, तेही वाद्यांच्या मधोमध उभं राहून. त्यांचा कोटा गणपती बसायच्या आधीच कितीदा तरी संपलेला असतो.

पण दुसऱ्या दिवशी ऐकू येतं ना, मग नुकसान कसलं?

आपल्या आतल्या कानात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं मेंदूला कळेल अशा संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, पुन्हा सावरतात, पण एकदा मेल्या की नव्या येत नाहीत. कोंबडीला येतात, आपल्याला नाही! शिवाय २००९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसलं की, ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे शिट्टी थांबली, याचा अर्थ हिशेब मिटला असा होत नाही.

आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, फ अशी अक्षरं पुसट होतात. माणसाला ऐकू येतं, पण कळत नाही. गर्दीच्या हॉटेलात तर नाहीच. मग ‘हल्ली सगळे पुटपुटतात’ अशी तक्रार सुरू होते.

हे फक्त गणपतीपुरतं नाही. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासं झाल्याचं सांगितलं, तेव्हा ‘हेडफोनमुळे बहिरेपण’ असे फॉरवर्ड फिरले. त्यांनी कारण विषाणूसंसर्ग सांगितलं होतं. मोठा आवाज आणि हेडफोनबद्दलचा इशारा त्यांनी चाहत्यांना वेगळा दिला होता. इशारा मात्र खोटा नाही. जगात १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून जास्त जणांना या सवयींमुळे धोका आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोकलच्या खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो, फोन इशारा देतो, आपण न वाचता ‘ओके’ दाबतो. बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन इथे कामाचे, कारण मग कमी आवाजात भागतं.

कार्यक्रमांसाठीही उपाय सुचवून झालेत. याच संघटनेने २०२२ मध्ये मानक काढलं: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजा, शांत जागा ठेवा, इअरप्लग द्या. टी-शर्ट आणि टोप्या वाटणाऱ्या मंडळांना इअरप्लग जड जाऊ नयेत.

कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी आहे. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, कानात सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही, तर कान तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं, तर मळ असेल म्हणून थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्या उपचारात उशिराचे दिवस भरून निघत नाहीत.

यंदा मी इअरप्लगच्या दोन जोड्या घेतल्यात. एक गर्दीत हरवणार, हे माहीत आहे.