आत माणूस आहे

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक परग्रहवासी तयार होत होता. करणारे चौघे: नववीची परीक्षा दिलेला आमचा भाचा, त्याचे दोन मित्र आणि आमचा अकरा वर्षांचा धाकटा. मोबाइलवर पाच मिनिटांचा सिनेमा काढायचा होता. आकाशातून उतरलेला हिरवा पाहुणा परभणीच्या काळ्या रानात पाणी शोधत फिरतो, अशी गोष्ट.

सामानाचा प्रश्न भाच्याच्या नानांकडे सुटला. नाना पिंजारी. कापूस पिंजण्यात त्यांची हयात गेली. आता गिऱ्हाईक फोमच्या गाद्या मागते, म्हणून दुकानात फोमच्या तुकड्यांचा ढीग असतो. मुलांनी धाकट्याच्या अंगाला वर्तमानपत्र गुंडाळून माप घेतले, कागद कापून त्यावरून फोम कापला. चिकटवण्याची रीत नानांनी दाखवली: दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ हात द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचे. घाई केली की सांधा सुटतो.

कातडीसाठी लेटेक्स मागवले. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. केरळात झाडाला चीर देऊन तो गोळा करतात आणि डब्यात गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. त्यामुळे झाकण उघडताच सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि सारे काम गच्चीवर गेले. स्पंजाने एक थर, तो वाळला की दुसरा, असे पाच थर. शेवटी टाल्कम पावडर, नाहीतर रबर रबराला चिकटून बसते. तीन आठवड्यांनी उभा राहिलेला तो हिरवा प्राणी पाहून शेजारच्या खालाही दोन पावले मागे सरल्या.

हे वेड आपल्याकडे नवे नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी आपल्या गावाचा सुपरमॅन काढला, तो शफीक शेख या यंत्रमाग कामगाराला पोशाख चढवून. हिरव्या पडद्यासमोर त्यांना आडवे करून आकाशात उडवले. फैजा अहमद खान यांच्या 2008च्या माहितीपटामुळे ही धडपड जगभर पोहोचली. 2003 साली ‘कोई मिल गया’मधला जादू तर घराघरात आला. फुगीर डोळ्यांचा तो जादू आजही मुले ओळखतात, पण त्या पोशाखाच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचे कलाकार होते, हे किती जणांना ठाऊक आहे? पोशाख डोळ्यांत भरतो आणि आतला माणूस नजरेआड होतो. हे आम्हाला उशिरा कळले, आणि कळले ते फार वाईट रीतीने.

चित्रीकरणाच्या दिवशी मुलांनी धाकट्याला पोशाखात घालून मागून दोऱ्याने शिवून टाकले. दुपारचे चार वाजले होते. परभणीचा मे महिना आपल्याला नवा नाही. दहा मिनिटांनी परग्रहवासी डगमगला, गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. सगळे खूश! भाचा म्हणाला, काय अभिनय केला! कॅमेरा चालूच राहिला. आम्हीही झाडाखाली उभे राहून हसत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

नाना तेवढे हसले नाहीत. “अरे, अंदर बच्चा है ना!” म्हणत ते धावले आणि गादी कापायच्या कात्रीने पाठीपासून मानेपर्यंत सारा पोशाख उभा फाडला. आत धाकटा लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले. त्याला सावलीत नेले, ओल्या कापडाने अंग पुसले, वारा घातला. शुद्धीवर येऊन हाक दिल्यावर घोट घोट पाणी दिले आणि तडक दवाखाना गाठला. अल्लाहची मेहेरबानी, संध्याकाळपर्यंत तो सावरला.

घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. लेटेक्समधून वारा जात नाही, म्हणून घाम वाळत नाही. वर फोम म्हणजे अंगभर दुलई. कारण इतके साधे होते. रात्री नाना म्हणाले, “गादी भरताना वर कोण झोपणार, हे आम्ही आधी विचारतो. तुम्ही आत कोण जाणार, हे विचारलेच नाही.”

पोशाख मात्र त्यांनी टाकू दिला नाही. पाठीला लांब चेन लावली, आतूनही उघडेल अशी. काखेत, कानांमागे आणि तोंडाशी भोके पाडली. आत सुती बनियन. एका वेळी दहाच मिनिटे, मग डोके काढून पाणी. एका मुलाचे काम एवढेच, की आतल्याला सारखे विचारत राहायचे.

तुमच्या घरी असा बेत शिजत असेल तर मुलांना रागावू नका, सोबत बसा. लेटेक्स आधी मनगटावर थेंबभर लावून एक दिवस थांबा, कुणाला त्याची ॲलर्जी असते. भुवया आणि केसांना ते लागू देऊ नका. खोबरेल तेल लागले की रबर खराब होते. गोंदाचे काम उघड्या हवेत करा. आणि फोम चूल, फटाक्यांजवळ नेऊ नका, तो भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

दुसरे चित्रीकरण फजरनंतरच्या गारव्यात झाले. धाकटा स्वतःहून आत गेला. सिनेमात परग्रहवासी ओंजळीने पाणी पितो, तेव्हा मागून नानांचा आवाज ऐकू येतो, “अंदर ठीक है ना, बेटा?” तो आवाज काढून टाकता आला असता. मुलांनी तो तसाच ठेवला आहे.