स्पिनची लाट आणि आपलं फायनल इयर

फायनल इयर जवळ आलं की होस्टेलमध्ये एकच चर्चा: प्रोजेक्ट घ्यायचा कुठून? पैसे मोजले की लाइन फॉलोअर रोबोट रिपोर्टसकट हातात! मग व्हायवात पहिल्याच प्रश्नाला दांडी गुल. माझं स्पष्ट मत आहे, विषय भरपूर आहेत, आपल्याला शोधायचा कंटाळा येतो.

एक विषय मीच सुचवतो: स्पिन वेव्ह. लोहचुंबकातला प्रत्येक अणू म्हणजे होकायंत्राची छोटी सुई समजा. सगळ्या सुया एका दिशेला. एक डगमगली की शेजारची डगमगते, आणि वारा सुटलेल्या भातशेतासारखी लाट पुढे सरकते. फेलिक्स ब्लॉखने हे १९३० मध्ये कागदावर मांडलं. १९५७ मध्ये कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी मॅग्नेटाइटमधल्या या लाटा न्यूट्रॉनच्या मदतीने तपासल्या. त्याच सुमारास त्यांच्यासोबत जर्मेनियमवर काम केलेले पी. के. अय्यंगार यांनी पुढे ट्रॉम्बेत न्यूट्रॉन संशोधन वाढवलं. म्हणजे आपल्या खाडीपलीकडेच की!

खरी गंमत पातळ पट्टीत आहे. निकेल-लोखंडाची, म्हणजे परमॅलॉयची, काही नॅनोमीटर जाडीची अरुंद पट्टी घ्या. दोन कडांमध्ये ही लाट सतारीच्या तारेसारखी कोंडते, ठरावीकच आकार घेते. पट्टी रुंदीच्या दिशेने मॅग्नेटाइज केली तर कडांजवळचं आतलं क्षेत्र घटतं आणि तिथे कमी फ्रिक्वेन्सीची वेगळीच लाट राहते.

‘याचा उपयोग काय?’ असं कोणीतरी विचारणारच. या लाटेत इलेक्ट्रॉन वाहत नाहीत, त्यामुळे विजेच्या प्रवाहासारखी तार तापत नाही. आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरना यंत्रं थंड ठेवायलाही वीज मोजावी लागते. त्यांना हे विचारा! अर्थात परमॅलॉयमध्ये ही लाट काही मायक्रोमीटरमध्येच विरते. उद्या बाजारात चिप येईल असा माझा दावा नाही. पण प्रश्न सुटलेला नाही, म्हणूनच तो प्रोजेक्टच्या लायकीचा आहे.

‘लॅब कुठे आहे?’ ही सबबही चालणार नाही. म्युमॅक्स नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डवर चालतो. रात्री दोनपर्यंत गेम खेळणारी तीच कार्डं! पट्टीची रुंदी बदला, क्षेत्राची दिशा बदला, लाट कुठे विरते ते मोजा. आलेला ग्राफ तुमचा स्वतःचा असेल.

सर आणि मॅडमना एवढीच विनंती: प्रोजेक्टच्या यादीत यंदा ही एक ओळ वाढवा. विकत आणलेला रोबोट सबमिशननंतर माळ्यावर जातो. स्वतः काढलेलं उत्तर मात्र इंटरव्ह्यूतही आपल्यासोबत असतं.