माळवद पाडावं का?

आमच्या गावात तीन प्रकारची घरे आहेत. दगडमातीची जुनी माळवदं, पत्र्याची घरं आणि नवीन स्लॅबची घरं. कोणतं चांगलं, यावरून आमच्याकडं रोज वाद होतो, कारण दिवाळीनंतर आमचं माळवद पाडून स्लॅबचं घर बांधायचं चाललं आहे. आजी नको म्हणते, आई हो म्हणते. अण्णा काहीच म्हणत नाहीत, जेवून उठतात. म्हणून मी माझे मत येथे लिहीत आहे.

पहिलीतल्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. माळवदाच्या भिंती लई रुंद असतात. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, मग पाला आणि सर्वांत वर पांढरी माती. कोकणात उतरतं कौलारू छप्पर असते, कारण तिकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे 700-800 मिलिमीटर पडतो, म्हणून सपाट छप्पर चालते, असे बाईंनी सांगितले. शिवाय कुरडया वाळवायला जागा लागते, हे मी सांगतो.

आजी म्हणते, उन्हाळ्यात माळवदात पंख्याशिवाय झोप लागते. हे खरं आहे. पारा 40 च्या वर गेला की स्लॅबच्या घरातली मुलं दुपारी आमच्याच ओसरीवर गजगे खेळायला येतात. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली गरम वाफ सोडतो. पत्र्याचं तर विचारूच नका.

आई म्हणते, "आत्या, तुम्ही खाली निजता, मातीची पाटी घेऊन वर मला चढावं लागतं." हेही खरं आहे. मृगाच्या आधी वर नवीन माती टाकायची, गवत उपटायचं. मोठा पाऊस आला की घरभर पातेली मांडायची. वरून पिठात माती पडते. भिंतीत उंदीर असतात, विंचूपण असतात. आणि दर आठवड्याला सारवायचं. मातीचं घर लई छान, असं पाहुणे आल्यावर म्हणतात. माझे मत असे आहे की, असे म्हणणाऱ्याने आधी एक पावसाळा आमच्या आईबरोबर सारवून बघावे.

पण लोक माळवदाला खरे भितात ते भूकंपामुळे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते. लोक दमून झोपले होते. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांत हजारो माणसे मेली आणि नंतर 52 गावे दुसऱ्या जागी वसवावी लागली. आबांच्या मामांचं गाव त्यातच गेलं. तेव्हापासून आबा माळवदाखाली झोपत नाहीत. थंडीतसुद्धा ओसरीच्या कडेला बाज टाकतात. आम्ही हसत नाही.

मी गवंडी काकांना विचारलं, एवढी रुंद भिंत पडलीच कशी? ते म्हणाले, भिंत एक नसते, दोन असतात. आतून एक दगडांची रांग, बाहेरून एक, आणि मधी नुसती माती आणि बारके दगड. दोन्ही रांगांना आरपार धरणारा लांब दगड घातलेला नसला की हादऱ्यानं दोन्ही बाजूला फुटतात. आणि वरचं छप्पर. दरवर्षी आई नवीन माती टाकते, पण जुनी कोणी खाली काढत नाही. आजीच्या सासूनं टाकलेली मातीसुद्धा अजून वरच आहे! त्याचं ओझं केवढं झालं असेल? पण जिथं लाकडी खांब आणि तुळया नीट जोडलेल्या होत्या, तिथं कितीतरी घरांच्या भिंती पडल्या आणि छप्पर खांबांवर तसंच राहिलं. त्याखालची माणसे वाचली.

म्हणून सगळा दोष जुन्या घराला देऊ नये. आम्ही सहलीला नळदुर्गचा किल्ला बघितला. तिथला पाणीमहाल दगडाचाच आहे आणि 400 वर्षांपूर्वीचा आहे. आणि स्लॅब म्हणजे पक्कं, असंही नाही. 26 जानेवारी 2001 ला गुजरातमध्ये भूकंप झाला तेव्हा अहमदाबादला सिमेंटच्या उंच इमारती पडल्या. गवंडी काका म्हणतात, स्लॅबलासुद्धा नीट कॉलम आणि भिंतींना चारी बाजूंनी पट्टा पाहिजे. गावात काही जण पट्टा वाचवतात आणि त्या पैशात पुढच्या भिंतीला फरशी लावतात, कारण सोयरिकीला येणारे लोक फरशी बघतात.

मी आईच्या बाजूने आहे. घर नवीन बांधावं. पण घरकुल म्हणजे 25 चौरस मीटर. आम्ही मैदानावर फक्कीने 5 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन आखला. आमचा अख्खा वर्ग मांडी घालून आत बसला. मग त्यात चूल, मोरी आणि धान्याची पोती आखली, तर अर्धा वर्ग बाहेर गेला. ओसरी काही बसलीच नाही. नवीन घरांत ओसरी सोडून देतात ती अशी. मग आबांनी बाज कुठं टाकायची? आजी गल्लीतल्या बायांबरोबर कुठं बसणार? माझे म्हणणे असे की जुन्या घराचेच खांब आणि तुळया घेऊन पुढं ओसरी करावी आणि तिच्यावर माती न घालता हलकी कौलं टाकावीत. म्हणजे आईला वर चढायला नको.

लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन खांब ठोकून बघून गेला. ते विकायचे नाहीत, असं मी अण्णांना सांगितलं आहे. ते अजून हो म्हणाले नाहीत. पण या वेळेस जेवून लगेच उठले नाहीत.

(इयत्ता चौथी)