म्हशीला आजार, पखालीला इंजेक्शन

सबमिशनचा आठवडा. रात्रीचे अडीच वाजलेत. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये शीट्स पसरलेल्या, कुणाचं जर्नल कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आणि सकाळी बाथरूमच्या रांगेत हा ठरलेला संवाद...

"डोळेच उघडत नाहीयेत गं आज."

"मग जाऊन एक 'लाल' घेऊन ये ना! मी कालच घेतलं. एकदम फ्रेश!"

हे 'लाल' म्हणजे काय, हे आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. बी-व्हिटॅमिनचं लाल रंगाचं इंजेक्शन. खेड्यात यालाच 'ताकदीची सुई' म्हणतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजूर ती घेतात, परीक्षेच्या दिवसांत आपण घेतो. ज्यांना सुईची भीती वाटते, त्यांच्या उशीखाली गोळ्यांची स्ट्रिप असते.

आधीच कबूल करते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घेतलंय. आणि दुसरी कबुली म्हणजे गेल्या एका सेमिस्टरमध्ये मी स्वतः अशी पाच इंजेक्शनं घेतली! त्यामुळे हा लेख उपदेश म्हणून वाचू नका. हा एका पेशंटचा जबाब आहे.

झालं असं, की मला सतत थकवा यायचा. तिसऱ्या मजल्यावरची रूम, पण दुसऱ्या मजल्यावरच धाप लागायची. लेक्चरला बसलं की डोकं जड. मी गावातल्या एका दवाखान्यात गेले. "वीकनेस आहे" म्हणाले आणि सुई टोचली. पाच मिनिटांत काम झालं. दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पुन्हा सुई. यात एकट्या डॉक्टरांना दोष देऊन चालणार नाही. मीच तर जाऊन "ते लाल द्या ना" म्हणत होते. रक्त तपासू का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या मेसच्या मावशींनी मात्र विचारलं. एक दिवस ताट तसंच ठेवून उठले, तर म्हणाल्या, "काहून वं माय, आज बी जेवली नाईस? चेहरा पाय कसा पांढराफट पडला!" मी ऐटीत सांगितलं, की मी इंजेक्शन घेतेय. मावशी हसल्या. "म्हशीले आजार अन् पखालीले इंजेक्शन!"

मला अर्थच कळला नाही. कॉन्व्हेंटचा परिणाम, दुसरं काय! मग त्यांनीच समजावलं. पूर्वी म्हशीच्या किंवा रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून पाणी वाहायचे. आजारी पडलं जनावर, आणि औषध टोचलं पाठीवरच्या कातडी पिशवीला! तिथेच माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला, की माझी म्हैस नेमकी आजारी कशाने आहे?

दिवाळीत घरी गेले, तेव्हा आईने सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं ते किमान १२ तरी असावं. माझ्यात कमी होतं लोह! आणि मी महिनोन्‌महिने टोचून घेत होते बी-व्हिटॅमिन. त्या लाल इंजेक्शनमध्ये लोहाचा कण नसतो. त्याचा लाल रंग रक्ताचा किंवा लोहाचा नसून बी-१२ च्या रेणूच्या मधोमध बसलेल्या कोबाल्टमुळे आलेला असतो. रंग बघून "रक्त वाढतं" असं समजणारी मी... आणि म्हणे इंजिनिअर होणार!

आता जरा आकडेमोड करू. आपल्याला बी-१२ रोज किती लागतं? साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम. इंजेक्शनमध्ये ते बहुधा १००० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका सुईत जवळजवळ चारशे दिवसांची गरज. आपलं लिव्हर बी-१२ चा साठा करतं आणि तो काही वर्षं पुरू शकतो. टाकी भरलेली असताना वरून आणखी ओतलं तर काय होणार? ओव्हरफ्लो! जादाचं बहुतेक सगळं लघवीवाटे निघून जातं. गोळ्या घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, तो रंगही बी-२ चा असतो. थोडक्यात, पॉकेटमनी थेट ड्रेनेजमध्ये.

मग बरं का वाटायचं? मी मागे वळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की सुई घेतल्याच्या दिवशी मी स्वतःला आजारी जाहीर करायचे. लेक्चर बुडवून दुपारभर झोपायचे. रूममेट लिंबू सरबत करून द्यायची. घरून फोन यायचा. आणि सुई टोचली म्हणजे काहीतरी झालं, हा मनाचा विश्वास तर होताच. झोपेचं श्रेय सगळं सुईला गेलं.

पण थांबा. "बी-१२ वगैरे सगळं थोतांड" असा निष्कर्ष काढाल तर तीही चूकच. माझ्याच रूममेटची गोष्ट सांगते. तीही थकायची, पण तिच्या पायांना मुंग्या यायच्या, चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. माझा रिपोर्ट पाहून तिनेही तपासणी केली. तिचं हिमोग्लोबिन जेमतेम ठीक, पण बी-१२ फारच कमी! घर पूर्ण शाकाहारी, आणि हिला दुधाचा वाससुद्धा सहन होत नाही. बी-१२ तयार करतात सूक्ष्म जंतू, आणि आपल्याला ते मिळतं दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून. भाजी-भाकरीत ते जवळपास नसतंच. तिला डॉक्टरांनी तेच लाल इंजेक्शन दिलं, पण वेळापत्रकाने, रिपोर्ट पाहून. काही आठवड्यांत तिच्या मुंग्या कमी झाल्या. ही कमतरता फार काळ तशीच राहिली, तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं होऊ शकतं.

आणि हे काही एखाददुसऱ्याचं दुखणं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या मेसच्या एका टेबलावर दोन्ही प्रकारच्या 'म्हशी' शेजारी शेजारी बसलेल्या असू शकतात. दोघींचा थकवा दिसायला सारखाच. औषध वेगळं.

हे सारखं दिसणारं दुखणं वेगळं करायची एक मोठी गोष्ट आपल्याच मुंबईत घडली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. रक्तक्षयाच्या एका प्रकारावर लिव्हरचा अर्क चालतो, हे तोपर्यंत कळलं होतं. (त्या अर्कातला घटक म्हणजेच पुढे १९४८ मध्ये वेगळा काढलेला आपला बी-१२.) सूक्ष्मदर्शकाखाली मुंबईच्या बायकांचं रक्त बरंचसं तसंच दिसायचं. पण शुद्ध केलेला अर्क त्यांना लागू पडेना. विल्सबाईंनी "डोस वाढवा" असं म्हटलं नाही. त्यांनी बायकांचा आहार पाहिला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टच्या साध्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो हे दाखवलं. १९३१ मध्ये ते छापून आलं. यीस्टमधला तो घटक म्हणजे फोलिक ॲसिड. आज जगभर गरोदर स्त्रियांना ते देतात.

जवळपास शंभर वर्षांपूर्वी, साध्या साधनांवर, एक बाई विचारते की "नक्की काय कमी आहे?" आणि आज ठिकठिकाणी लॅब असताना आपण विचारत नाही!

बरं, "फायदा नाही झाला तरी तोटा काय?" हा पुढचा प्रश्न. तोटे आहेत. एक, खरं दुखणं लपतं. फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण आत मज्जातंतूंची झीज चालूच राहते. आधीच सुया घेऊन मग तपासणी केली, तर रिपोर्टही फसवा येतो. दोन, बी-६ मोठ्या डोसने दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच हातापायांना बधिरपणा येऊ शकतो. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एका सुईत बरेचदा शंभर! तीन, सुई स्वतःच. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस-बी ची साथ पसरली आणि कित्येक लोक दगावले. टोचायची गरजच नसेल, तर हा धोका कशासाठी पत्करायचा?

आणि 'जास्त झालं तर काय होतं' हे बघायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायलाही नको. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मधली केसगळती आठवते ना? शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्यावरचे केस अवघ्या काही दिवसांत हातात येऊ लागले. आयसीएमआरचं पथक नमुने घ्यायला आलं. लोक आधी पाण्यावर, शाम्पूवर संशय घेत होते. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः गावांत येऊन तपासण्या केल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की लोकांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार वाढलं होतं, झिंक कमी झालं होतं, आणि रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या कितीतरी पट सेलेनियम होतं.

आता एक करा. तुमच्या उशीखालच्या मल्टिव्हिटॅमिनच्या स्ट्रिपची मागची बाजू वाचा. बऱ्याच गोळ्यांत हेच सेलेनियम लिहिलेलं सापडेल! ते काही विष नाही, शरीराला लागतं, पण अगदी मायक्रोग्रॅममध्ये. लेबलावरच्या डोसने टक्कल पडेल असं मी मुळीच म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की 'पौष्टिक' म्हणून कितीही चालतं, हा समज चुकीचा आहे. अति तेथे माती.

माझं पुढे काय झालं? लोहाच्या गोळ्या, तीन महिने. रोज गूळ-फुटाणे, डाळ-भाजीवर लिंबू, आणि जेवणानंतर लगेच चहा बंद, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं! हिमोग्लोबिन आता ११.६ आहे. तिसरा मजला एका दमात चढते. मात्र रात्री चार तास झोपलं की आजही थकवा येतोच. त्यावर कुठल्याच रंगाची सुई निघालेली नाही.

लॅबमध्ये फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला आणि आपण तिथे जाड तार लावून दिली, तर सर आपल्याला बाहेर काढतील. आधी फॉल्ट शोधा म्हणतील. थकवा हाही फ्यूजच आहे. मागे लोह असेल, बी-१२ असेल, थायरॉईड असेल, कावीळ असेल, मनावरचा ताण असेल, किंवा नुसतीच झोप असेल. दोन-तीन आठवडे थकवा हटत नसेल, तर सुईआधी रक्ताची तपासणी. आणि पायांना मुंग्या येत असतील तर दोन-तीन आठवडेही थांबू नका.

शेवटी एक विनंती, रेक्टर मॅडम आणि सरांना. दर सेमिस्टरला रूम अलॉटमेंटच्या दिवशी आपण फी पावती, फोटो, हमीपत्र सगळं तपासता. त्याच दिवशी सरकारी दवाखान्याच्या मदतीने मुला-मुलींचं हिमोग्लोबिनही तपासता येणार नाही का? बोटाला एक टोचणी. पण ही टोचणी कामाची!

मावशींना मी माझा नवा रिपोर्ट दाखवला. त्यांना आकडा वाचता येत नाही. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "आता कसं लाल दिसते!" आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.