पुन्हा पहिल्यापासून?



आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. (नाव छापू नका, अशी तळटीपही आहे. वर्गातली मुलं चिडवतील म्हणे!) सहावीत असताना त्याने हॅरी पॉटरचे पाच भाग अक्षरशः फस्त केले. मग शाळा, क्लास आणि क्रिकेट यांच्या गडबडीत सहावा भाग कपाटातच राहिला. आता सुट्टी लागतेय आणि त्याला प्रश्न पडलाय: सहाव्यापासून पुढे वाचू, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू? मधलं बरंचसं विसरलोय. पण पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि पूर्वीसारखी मजाच आली नाही तर?

शेवटचं वाक्य वाचून मी जरा थबकलो. खरा प्रश्न तोच दिसतोय. पण आधी हिशेब करून टाकू.

मूळ ब्रिटिश आवृत्तीत सात भागांची पानं अशी आहेत: २२३, २५१, ३१७, ६३६, ७६६, ६०७ आणि पुन्हा ६०७. बेरीज ३४०७. रोज ३० पानं वाचली तर ११४ दिवस लागतील. म्हणजे सुट्टी संपेल, शाळा सुरू होईल, पहिली चाचणीही येईल! नुसते शेवटचे दोन भाग घेतले तर १२१४ पानं, म्हणजे साधारण चाळीस दिवस. (मराठी अनुवाद वाचणाऱ्यांनी आपापल्या पुस्तकांची पानं मोजून गणित करावं.)

जे. के. रोलिंगबाईंचे हे सात भाग १९९७ ते २००७ अशा दहा वर्षांत आले. चौथा आला २००० साली आणि पाचवा थेट २००३ मध्ये. तीन वर्षं नुसती वाट बघायची! मग त्या वेळच्या मुलांनी काय करावं? जुन्याच भागांची पारायणं. पुन्हा वाचायचं की नाही, हे ठरवायची त्यांच्यावर फारशी वेळच आली नाही. तुमच्यासमोर मात्र सातही भाग एकदम उभे आहेत, त्यामुळे पुन्हा वाचायचं तर ते मुद्दाम ठरवावं लागतं.

आता पहिल्यापासून निघण्यातला धोका सांगतो. माझ्या ओळखीत अशी मुलं आहेत, ज्यांचा पहिला भाग पाच वेळा वाचून झालाय आणि सातवा एकदाही नाही. दर सुट्टीत मोठ्या उत्साहाने पहिल्यापासून निघतात. पहिले तीन भाग भराभर संपतात, चौथ्यात वेग कमी होतो आणि पाचव्याला दम लागतो. पाचवा भाग म्हणजे या मालिकेतला कसारा घाट आहे. ७६६ पानं, त्यात हॅरी निम्मा वेळ चिडलेला. तू तो एकदा पार केलायस, हे काही थोडंथोडकं नाही. पुन्हा पायथ्यापासून निघालास, तर शेवटपर्यंत पोचशील याची खात्री काय?

मग सरळ सहावाच उघडावा का? तेही नको. कारण रोलिंगबाईंची एक खोड आहे. पुढे महत्त्वाच्या ठरणाऱ्या वस्तू त्या आधी कुठेतरी कोपऱ्यात ठेवून देतात. पाचव्या भागात सिरियसचं जुनं घर सगळे मिळून साफ करतात, आठवतंय? तिथे रद्दी सामानात एक जड लॉकेट निघतं. ते कुणालाच उघडता येत नाही, आणि एवढ्यावर विषय संपतो. त्याच भागात वीजली जुळे एका दांडगट मुलाला एका जादूच्या कपाटात कोंबतात. आपण हसतो आणि पुढे जातो. या दोन गोष्टी लक्षात ठेव. का, ते सांगणार नाही. पण दोन वर्षांची विसरभोळी गाडी थेट सहाव्यात शिरली, तर पुढची गंमत हातची जाईल.

म्हणून माझं मत असं: पाचवा पुन्हा वाच आणि तिथूनच पुढे जा. मिळून १९८० पानं झाली. रोज ४५ पानं काढलीस, तर ४४ दिवसांत सातवा संपेल. 'पाचव्याचा सिनेमा बघितला की झालं,' असं कुणी सांगेल. त्याचं ऐकू नकोस. सगळ्यांत जाड पुस्तक, आणि सिनेमा सव्वादोन तासांचा! काय काय गळलं असेल, बघ.

गळलेली एक जागा तर मला फार मोलाची वाटते. नाताळात हॅरी आणि मंडळी जादूच्या इस्पितळात जातात. तिथे नेव्हिल लाँगबॉटमची आई असते. तिला मुलाची ओळख राहिलेली नाही. ती त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद देते. आजी म्हणते, टाकून दे. नेव्हिल तो गुपचूप खिशात ठेवतो.

आता तुझ्या भीतीकडे येतो. मजा येईल का? सगळी नाही येणार. दहाव्या वर्षी डर्स्ली मंडळींचा जो राग येतो, तो चौदाव्या वर्षी येत नाही. ती जरा नाटकातली माणसं वाटतात. पहिल्या भागाच्या शेवटी डंबलडोर ऐन जेवणाच्या वेळी रॉन आणि हर्मायनीला पन्नास-पन्नास आणि हॅरीला साठ गुण वाटतात, तेव्हा कुठे स्लिदरिनशी बरोबरी होते. बिचाऱ्यांनी जिंकलो म्हणून सभागृह आपल्या रंगांनी सजवलेलं! आपल्या शाळेत कुणी असं केलं, तर दुसऱ्या दिवशी पालक ऑफिसबाहेर उभे राहतील.

पण बरोबरी मोडणारे शेवटचे दहा गुण नेव्हिलला मिळतात. मी सातही भाग संपवून पहिला पुन्हा उघडला, तेव्हा आगगाडीत हरवलेला बेडूक शोधत रडवेला फिरणारा तो गोलमटोल मुलगा आला आणि मला हसूच येईना. तो च्युइंगगमचा कागद आठवत होता. पहिल्या वेळी हेच पान मी हसत वाचलं होतं. शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा तोच. अशी पानं पहिल्या भागात बरीच आहेत, पण त्यातली बहुतेक शेवट माहीत झाल्यावरच दिसतात. स्नेप सरांबद्दल तर मी आत्ता एक अक्षरही बोलणार नाही. म्हणून पहिला भाग सातव्यानंतर. दिवाळीच्या सुट्टीत घे, २२३ पानांचा तर आहे.

तोवर तो कपाटात पडून राहणार नाहीच. धाकटी बहीण पहिला भाग मागतेय, असं तूच लिहिलंयस. देऊन टाक. पहिल्याच प्रकरणात हॅग्रिड एका उडत्या मोटरसायकलवरून येतो आणि ती कुणाकडून आणली, ते सांगतो. ते नाव वाचून ती विचारेल, "दादा, हा सिरियस ब्लॅक कोण रे?"

म्हणायचं, "असेल कुणीतरी. तू वाच पुढे."