वारा संगणक सांगेल, पाया कोण बघणार?

१३ मे २०२४. घाटकोपरला होर्डिंग कोसळलं, १७ जीव गेले. खापर वादळावर फुटलं. अहो, मुंबईत ताशी सुमारे १५८ किलोमीटरचा वारा धरून बांधकाम करा, असं आयएस ८७५ हे भारतीय मानकच सांगतं. आता तर संगणकावर वारा सोडून कुठे किती दाब येईल, ते आधीच दिसतं. पण पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट आणि उभं केलं १२० बाय १२०! क्षेत्रफळ नऊपट, वाऱ्याचा जोरही साधारण तेवढाच. याला संगणक कशाला, शाळेतलं गणित पुरे. सिम्युलेशन जरूर करा. पण कागदावरचा पाया जमिनीत आहे का, ते माणसानंच बघायचं. आपल्या चौकातल्या होर्डिंगचा हिशेब कुणी तपासलाय? नगरपालिकेत जाऊन विचारा की!